ओकाखालचा तवा

मंगळवार, ३० जून

ओदिलिया,

तवा त्या झाडाखालून हलव.

आधी हेच लिहितो, कारण पहिली ओळ वाचून बाकीचा कागद शेगडीत घालायची तुझी सवय मला ठाऊक आहे. आता घालायचा तर घाल. पण वाचलंस तर बरं.

फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. खाली दरीत तर रेंजच नसते. म्हणून हे पत्र क्लेताबाईच्या टोपलीतून, मक्याच्या तोर्तियांच्या फडक्याखालून येतंय. तिला म्हटलं, "बहिणीला एवढं द्याल का?" तर ती म्हणाली, "घरं दोन हाकेच्या अंतरावर, आणि मी पोस्टमन! तुम्ही दोघं म्हातारे होताय की लहान?" तरीही घेतलं तिने. तिखट तोंडाची आहे, पण मनाची चांगली.

झालं असं. शुक्रवारी माशांच्या तळ्याजवळचा ओक पडला. तो लहान, वाकडा, ज्याच्या बुंध्याशी आपण दर सप्टेंबरात बसायचो. वारा नव्हता, पाऊस नव्हता. दुपारी बारा वाजता, उन्हात, एखादा माणूस खुर्चीवर बसल्या बसल्या कलंडावा तसा पडला. मी जळणासाठी कुऱ्हाड घेऊन गेलो आणि बघत राहिलो. मुळं नव्हतीच. होती ती हाताएवढी खुंटं, पावासारखी मऊ. साल ओढली तर अख्खी निघाली, आणि तिच्या आत ओल्या फडक्यासारखा पांढरा थर. अळंबीचा वास. आणि त्या थरातून, मातीतून, सगळीकडे काळ्या दोऱ्या. बुटांच्या नाड्यांसारख्या.

तिथे कुठली अळंबी उगवायची, सांग बरं? मधाळी. पिवळी, झुपक्याझुपक्यांनी येणारी. आईची टोपली त्या एका झाडावर भरायची.

तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागलीये. चॅपलच्या मागे गेलो. तिथे मधाळी यायची, आता नुसता खुंट आहे. पाण्याच्या टाकीच्या उतारावर गेलो. तिथली सगळी मोठी झाडं गेली. पुलाजवळचा जो दुहेरी ओक होता, तो माझा नाबोर शाळेत असताना पडला, आठवतं? त्याच्या आदल्या सप्टेंबरात तिथे एवढी मधाळी आली होती की आपण शेजाऱ्यांना वाटली. मला माझ्या सगळ्या चांगल्या जागा तोंडपाठ आहेत, ओदी. एकेक आठवून पाहिली. जिथे जिथे मी टोपली भरली, तिथलं झाड आज उभं नाही.

आईने आपल्याला शिकवलं होतं की अळंबी आणि झाड ही मानलेली भावंडं, एक दुसऱ्याला उपाशी ठेवत नाही. येमाच्या बाबतीत ते खरं आहे. ती अंड्याच्या बलकासारखी पिवळी येमा मुळांना बिलगून राहते, त्यांना पाणी आणून देते, आणि झाड तिला गोड रस पाजतं. वनखात्याच्या शिबिरात आलेल्या बाईनेही हेच सांगितलं, तेव्हा मी मागच्या रांगेत बसून मान हलवली होती, जणू माझ्याच घरची गोष्ट. पण मधाळी त्या कुळातली नाही. ती पाहुणी म्हणून येते आणि घराचे वासे खाते. आपण दोघींना एकाच नजरेने पाहिलं, कारण दोन्ही चुलीवर चांगल्या लागतात.

ज्या ओकाखाली तुझा स्टॉल आहे, तिथे मधाळी किती वर्षं येतेय, ते तुला मी सांगायला नको.

तवा हलव.

तुझा भाऊ (तू मान किंवा न मान),
फिदेन्सियो


बुधवार, ८ जुलै

ओदिलिया,

तुझं उत्तर पोचलं. क्लेताबाईने ते तुझ्या आवाजात करून दाखवलं, कमरेवर हात ठेवून. "सांगा त्या म्हाताऱ्याला, जागा हवी असेल तर तोंडाने माग म्हणावं, झाडाच्या आडून नको." मग ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "डॉन फिदेन्सियो, शब्द मी गाळून सांगितलेत हं."

म्हणजे तू तिथेच अडलीस.

बरं, बोलून टाकू. दरीतल्या स्टॉलवाल्यांचा नियम मी केला नाही. जागा सलग तीन रविवार रिकामी राहिली की रांगेतल्या पुढच्याला मिळते, हे आजोबांच्या वेळपासून आहे. आणि रांगेत पुढची माझी सून मारिसेला आहे, हेही खरं. तीच एकटी आहे रांगेत, आणि कधीपासून थांबलीये. आई गेल्याच्या नवव्या दिवशी मी तुला विचारलं होतं, की अर्ध्या जागेत मारिसेला बसली तर चालेल का. विचारलं. मागितलं नव्हतं. तू हातातली कॉफी टेबलावर आपटलीस आणि तीन पावसाळे झाले, माझ्याशी बोलली नाहीस. तो विषय मी आज उघडत नाही.

पण जरा डोकं चालव, बाई. मला ती जागा मारिसेलासाठी हवी असती, तर मी झाड पडणार असं का सांगत सुटलो असतो? माझ्या सुनेला आणि माझ्या नातींना मी त्याच झाडाखाली बसवीन का?

हेच मी क्लेताबाईकडून तोंडी सांगितलं होतं. त्यावर तू म्हणालीस, "जागा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी झाड एकदम बरं होईल म्हणावं." मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. बोलण्यात तू आईवर गेलीस.

मी वनरक्षक आबुंदिओकडे गेलो. त्याला म्हटलं, झाड पाडून टाका. तो आला, बुंध्यावर काठीने ठोकलं, वर पाहिलं. "डॉन फिदे, पानं हिरवी आहेत. हिरवं झाड पाडायला वरून परवानगी लागते. अर्ज केला तर नाताळपर्यंत कोणीतरी बघायला येईल." म्हटलं, ते तोवर थांबणार नाही. तो म्हणाला, "मग त्यालाच अर्ज करा." त्याचा दोष नाही. शहर वरच्या अंगाने दरीत उतरत येतंय, रोज कोणी ना कोणी झाड पाडायला कारण शोधत असतो, म्हणून नियम कडक. मीच कधीकाळी त्या नियमाच्या बाजूने हात वर केला होता.

एक गोष्ट मात्र तुला विचारतो, आणि याचं उत्तर क्लेताबाईला नको, स्वतःला दे. त्या ओकाखाली येमा शेवटची कधी आली? तू म्हणतेस, शहरातले फिरायला येणारे लोक तुडवून गेले. ते तर सगळीकडेच तुडवतात. पलीकडच्या कोवळ्या ओकांखाली याच आठवड्यात मी फडकंभर येमा काढली. तुझ्या झाडाखाली एकही नाही. ज्या घरात पीठ उरलं नाही तिथून पाहुणे आपसूक उठतात, तसं झालंय ते. वरून घर रंगवलेलं आहे, एवढंच.

फिदेन्सियो


सोमवार, २० जुलै

ओदिलिया,

मी शनिवारपासून तुझ्या बाकावर येऊन बसतोय, ते तू पाहिलंच आहेस. नाही पाहिल्यासारखं करण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. तरी कारण लिहून ठेवतो.

तू हलणार नसशील तर मीही हलणार नाही. ओढ्याच्या बाजूचं बाक मी निवडलं, कारण झाड त्या बाजूला झुकलंय. पडलं तर आधी माझ्यावर. मग तुझ्या तव्यावर. आता तू ठरव.

घरी बसवतही नाही. जरा ढग भरून आले की छातीत काहीतरी हलतं. नाबोर म्हणतो, बाबा डॉक्टरकडे चला. डॉक्टर काय करणार? वाऱ्याला इंजेक्शन देणार?

शनिवारची गंमत तुझ्या लक्षात आली की नाही कोण जाणे. तू त्या सायकलवाल्या पोरांना म्हणालीस, "त्या बाकावरच्या माणसाला विचारा, काही खाणार आहे की नुसती जागा अडवणार." त्यातल्या एकाने खरंच येऊन मला विचारलं. मी म्हटलं, "बाईंना सांगा, भोपळ्याच्या फुलांची एक केसादिया, चीज जास्त." तो तिकडे गेला. तू म्हणालीस, "त्यांना सांगा, फुलं संपली." फुलं तुझ्या कोपराशी ढीगभर पडलेली. पोरगा बिचारा एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणतो, "आजी, तुमचं लग्न किती वर्षांचं झालं?" तुझा चेहरा! मी जन्मात विसरणार नाही.

मग तू कणसावरच्या काळ्या अळंबीची केसादिया केलीस आणि न बोलता माझ्यापुढे आदळलीस. आत एवढी हिरवी मिरची होती की माझ्या कानातून वाफ निघाली. संपवली मी. उग्र वासाचं ते एपासोतेचं पान तू अजून आईसारखंच घालतेस, शेवटी, चीज वितळल्यावर.

काल वारा सुटला तेव्हा वर काहीतरी करकरलं. तुझा हात क्षणभर थांबला. मी पाहिलं. मग तू पीठ जोरात थापायला लागलीस आणि कोणालाही उद्देशून नाही अशी म्हणालीस, "जुनी झाडं बोलतातच. आई याच झाडाखाली जन्मभर बसली, तिला नाही काही झालं."

तिथेच तुझं दुखणं आहे ना? तुला जागेपेक्षाही ते लागतंय. की आईने ज्या झाडाला आपलं म्हटलं, ज्याच्या पायाशी पहिली टोपली तुला भरायला दिली, ते झाड आतून खाल्लं जात होतं आणि तिला कळलं नाही. मला का कमी लागतंय? मीही तिच्याच बोटाला धरून शिकलो. पण ती वारली, ओदी. आता तिच्या चुकीखाली कोणी बसायची गरज नाही.

शनिवारी परत येतोय. मिरची कमी घाल.

फिदेन्सियो


सोमवार, २७ जुलै

ओदिलिया,

हे पत्र लांबवत नाही. काल जे पाहिलं ते लिहितो, आणि तू हे वाचून उठशील अशी आशा करतो.

क्लेताबाई सकाळी कोणाशी तरी बोलताना म्हणाली, "ओदिलियाला नवीन शेगडी घ्यायला हवी, तिची वाकडी झालीये. या पावसात किती वेळा पायाखाली दगड घातले, तरी तेल आपलं एकाच बाजूला पळतं." मी ऐकलं आणि विसरलो. मग दुपारी तुझ्यासमोर बसलेलो असताना बघितलं. तू तव्यावर तेल सोडलंस आणि ते ओढ्याच्या बाजूच्या काठाला जाऊन साचलं. तू शिवी घातलीस, वाकलीस, पायाखाली आणखी एक चपटा दगड सरकवलास. हात न पाहता गेला तिकडे. सवयीने.

मी त्या शेगडीच्या पायाखालचे दगड पाहिले. एकावर एक, छोटा मनोराच.

ओदी, शेगडी वाकडी झालेली नाही. ती आईची शेगडी आहे, लोखंडाची, ती तुझ्यामाझ्यानंतरही सरळ राहील. जमीन वाकडी होतेय.

तू गिऱ्हाइकात होतीस तेव्हा मी लघवीला जातो असं दाखवून बुंध्याच्या मागे, चढाच्या बाजूला गेलो. पालापाचोळा पायाने सारला. खाली भेग आहे. बुंध्याला वळसा घालून गेलेली, नव्या चंद्रासारखी. माझा अख्खा पंजा मनगटापर्यंत आत गेला. आतमध्ये त्याच काळ्या नाड्या, आणि तुटलेली मुळं. चढाच्या बाजूने जमीन उचलली जातेय आणि ओढ्याच्या बाजूने दबतेय. झाड, त्याची माती, त्यावरची तुझी शेगडी, बाक, टेबलं, सगळं एका थाळीवर ठेवलंय आणि कोणीतरी ती थाळी हळूहळू कलती करतंय. आणि तू दगड घालून घालून तवा सपाट ठेवतेस.

माझ्यावर विश्वास नको ठेवूस. माझ्या नाड्या, माझे खुंट, शिबिरातली बाई, सगळं सोडून दे. आईला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं तेही सोडून दे. तुझ्या तेलावर विश्वास ठेव. ते कोणाच्या बाजूचं नाही, त्याला जागा नको आहे.

शनिवारी सगळे दगड काढ, पाण्याची वाटी भरून जमिनीवर ठेव, आणि तूच बघ. मी बाकावर नसेन. मी तिथे असलो की तुझी मान नाही म्हणायलाच हलते.

फिदेन्सियो


सोमवार, १० ऑगस्ट

ओदिलिया,

दोन रविवार झाले तू पुलाजवळच्या उघड्यावर बसतेस. आभार मानून तुला चिडवत नाही. लोकांनी सांगितलं की वाटी ठेवल्यावर तू बराच वेळ उकिडवी बसून होतीस, मग एक शब्द न बोलता शेगडी उचललीस, गरम असताना, ॲप्रनने धरून. कोणी मदतीला आला तर त्याच्यावर खेकसलीस. हात भाजला असेल तर कोरफड लाव.

मी लांबून पाहतो. सावली नाही, धूर डोळ्यात जातो, गिऱ्हाईक निम्मंही नाही. शहरातले लोक जुन्या जागी जाऊन उभे राहतात, मग परत फिरतात. आणि ते झाड? हिरवंगार. काल त्याच्यावर खारी खेळत होत्या. डुकराचं चिचारोन तळणारा हिगिनिओ मोठ्याने म्हणाला, "डॉन फिदे, तुमचं ते मरायला टेकलेलं झाड कालपासून गाणं म्हणतंय." सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

तुला एक सांगतो, हे इतर कोणाला सांगू नकोस. रोज सकाळी उठलो की मी आधी खिडकीतून त्या शेंड्याकडे बघतो. आणि तो दिसला की मला वाईट वाटतं. म्हणजे मला आता ते पडायला हवंय. ज्या झाडाखाली आईने आपल्याला झोळीत झोपवलं, ते पडावं म्हणून मी वाट बघतोय, का, तर मी खरा ठरावा. मग स्वतःची एवढी लाज वाटते की दाढी करतानाही आरशात बघत नाही. आणि ते नाही पडलं तर? दहा वर्षं तसंच झुकून उभं राहिलं तर? तुझी जागा मी घालवली, एवढंच उरेल.

म्हणून काल मारिसेलाशी बोललो. येत्या रविवारी तिसरा, तेव्हा स्टॉलवाल्यांची बैठक चालवणारा आबुंदिओ विचारेल, रिकामी जागा रांगेतल्या कोणाला हवी का. मी म्हटलं, "पोरी, तू नाही म्हण."

ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. "सासरेबुवा, परत म्हणा."

"नाही म्हण. जागा ओदिलियाच्याच नावावर राहू दे."

"झाड पडणार असं तुम्हीच गावभर सांगितलंत. म्हणजे त्या जागेवर बसायचं नाही. मग ती तुमच्या बहिणीच्या नावावर कशाला?"

"कारण तिने माझ्या सांगण्यावरून सोडली."

"आणि मी? मी कोणाच्या सांगण्यावरून थांबलेय इतकी वर्षं? रेल्वे पुलाखाली तामाले विकून? तुमच्या बहिणीने मला एकदा तरी ये, बस म्हटलंय? लग्नात सुद्धा मला म्हणाली, 'ही किती बारीक आहे, ही काय पीठ मळणार.'"

हे तू खरंच म्हणाली होतीस. मी तिथेच होतो.

ती पुन्हा घासायला लागली, भांड्याचा तळ जाईल एवढ्या जोराने. पाठमोरीच म्हणाली, "म्हणेन मी नाही. तुमच्यासाठी. त्यांच्यासाठी नव्हे. आणि पुन्हा माझ्याकडे काही मागू नका."

तेव्हा तुझी जागा जात नाही. एवढं कळवायला हे पत्र. ती पोरगी वाईट नाही, ओदी.

क्लेताबाई म्हणत होती, जुन्या जागेवरचे तुझे छपराचे पत्रे अजून तिथेच आहेत आणि गुरुवारी सकाळी तू ते काढायला जाणार आहेस. जाऊ नकोस. पत्रे मी नवे आणून देतो. किंवा जायचंच तर मला हाक मार, चढाच्या बाजूने जाऊ.

फिदेन्सियो


शनिवार, १५ ऑगस्ट

ओदी,

आता तू माझ्याशी बोलायला लागलीस, तर पत्र कशाला असं क्लेताबाई विचारते. तिला म्हटलं, ती एवढं बोलतेय की मला माझं म्हणणं सांगायला कागदच लागतो. तीन पावसाळ्यांचं साठलेलं तू दोन दिवसांत काढलंस. मध्ये श्वास तरी घे.

गुरुवारचं तुझ्या बाजूचं तू सांगितलंस. माझ्या बाजूचं ऐकून घेतलं नाहीस, ते लिहितो.

मी खिडकीशी कॉफी पीत होतो. ऊन होतं, पान हलत नव्हतं. शेंडा दिसत होता आणि मग दिसेना. एवढंच. आवाज नंतर आला. आधी कापड फाटल्यासारखा, मग असा की कपातली कॉफी थरथरली. मला पहिला विचार काय आला असेल? की मी खरा ठरलो? नाही गं. तो विचार आलाच नाही. इतके दिवस ज्याची वाट बघत होतो तो कुठे गेला कोण जाणे. मला फक्त पत्रे आठवले.

चपला घातल्या नाहीत. उतारावरून कसा गेलो आठवत नाही. समोर नुसता पाला. घराएवढा हिरवा ढीग, ओढ्यापर्यंत. तुझं छप्पर, टेबलं, माझं बाक, काही दिसेना. एक पत्रा फांद्यांतून वर आलेला, दुमडलेला, सिगरेटच्या कागदासारखा. मी फांद्या उपसायला लागलो. माझ्या वयाला शोभणार नाही असा ओरडत होतो, तुझं लहानपणचं नाव घेऊन, जे तुला आवडत नाही. हात फाटले ते कळलंच नाही.

आणि मागून, पुलाकडून, आवाज आला, "गाढवासारखा ओरडतोस काय? मी बहिरी नाही."

तू वाटेवर उभी. ॲप्रनचा ओचा धरलेला, त्यात अळंब्या. पुलाजवळच्या गवतात तुला कोवळ्या अळंब्यांचा झुपका दिसला म्हणे, आणि दिसलेली अळंबी तशीच सोडली तर ती लाजते, मग खुंटते, वाढत नाही, असं आपल्यात मानतात, म्हणून तू खाली बसून एकेक कापत बसलीस. नाहीतर तू त्या वेळी पत्र्यांखाली असतीस. मी तिथेच मातीत बसलो.

तू आलीस. उलथलेल्या मुळांच्या त्या भिंतीसमोर उभी राहिलीस. हात लावून बघितलंस, काळी नाडी एक ओढून काढलीस, वास घेतलास. मी म्हटलं आता ती आईबद्दल काहीतरी बोलेल, रडेल. तू म्हणालीस, "बघितलंस? मला तुझ्या पत्रांनी नाही वाचवलं. अळंबीने वाचवलं. आई बरोबर होती."

त्याचं उत्तर आता लिहितो. गुरुवारी तुला अळंबीने वाचवलं, कबूल. पण ते गुरुवारऐवजी गेल्या दोन रविवारी कधी पडलं असतं, तर ती सायकलवाली पोरं, ती तान्ह्याला घेऊन येणारी बाई त्या टेबलांवर नव्हती, ती तुझ्या तेलामुळे. आणि तेल मी दाखवलं. अर्धं श्रेय मला दे. आईला देऊन उरलेलं तरी दे.

आता कामाचं. खोड कोणाचं यावर तू काल पुलावर उभी राहून जे भाषण केलंस ते साऱ्या दरीने ऐकलं. "माझ्या जागेवर पडलं, म्हणून त्यावर सप्टेंबरात येणारी मधाळी माझी." असा नियम नाही. पडलेल्या झाडावरची अळंबी आधी दिसेल त्याची. आणि माझी खिडकी तुझ्या खिडकीपेक्षा वर आहे. तरी भांडत नाही. बुंध्याकडची तुझी, शेंड्याकडची माझी. बुंध्याकडे जास्त येते, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, म्हणजे मी किती पडतं घेतलंय ते बघ. आता तिथे ती बिनघोर खाता येईल. तिला जे खायचं होतं ते खाऊन झालं.

आणि दुसरं. काल निघता निघता, मी वळलो तेव्हा, तू तवा घासत घासत म्हणालीस, "त्या तुझ्या सुनेला सांग, येत्या रविवारी पहाटे ये म्हणावं. जागा देत नाही मी. पीठ मळायला ये म्हणावं. पुलाजवळ एकटीने होत नाही." मग माझ्याकडे बघून, "आणि हसू नकोस."

मी हसत नव्हतो. घरी जाऊन मारिसेलाला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "हे तुम्ही रचलंय. मला पहाटे तिथे पाठवणार, आणि त्या सगळ्यांसमोर मला हाकलणार."

मी शपथ घेतली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू तीन पावसाळे माझी पत्रं पाहत होतीस.

तेव्हा ओदी, तूच कागद घे. दोन ओळी लिही, तुझ्या अक्षरात, मारिसेलाच्या नावाने. बारीक आहे वगैरे काही लिहू नकोस. क्लेताबाई संध्याकाळी तुझ्याकडून परत येताना थांबेल. ती म्हणते, दोन भावंडांचं टपाल वाहून तिची पाठ गेली, आता सुनेचंही सुरू झालं. पण थांबते म्हणाली.

लवकर लिही. तिला पहाटे उठायचंय.

फिदेन